मागची पेटी

रंभाबाई सकाळी सातला माझ्या लकडगंजच्या ग्यारेजात आली अन् उभ्या उभ्याच बोलली, "मिस्त्रीभाऊ, या ट्रकातली मागची पेटी काढून टाका. ती काढल्याबिगर मी यात बी भरू देत नाही."

मी चहा पिऊन राहिलो होतो. पहिला चहा पोटात जायच्या आधी कोणी मले काम सांगितलं की माझं डोकं फिरते, हे सारं लकडगंज जाणते. म्हटलं, "बाई, ती पेटी बंद आहे. मागच्या साली मीच बंद केली. बंद वस्तू काढून तुम्हाले काय भेटणार आहे?"

"मले काही नको भेटाले. मासोळीचं बी वाचलं पाहिजे."

तिच्या मागे तिचा सासरा दादाजी उभा होता. म्हातारा काडीसारखा वाळला होता, अन् दोन्ही हात काखेत घालून उभा होता, थंडी वाजल्यासारखा. जुलै महिना, पंधरा दिवस पाणी पडून उघाड पडलेली, घामानं बनियन पाठीले चिकटून राहिलं होतं, अन् हा हात काखेत घालून उभा. मले तेव्हाच कसंतरी झालं, पण मी लक्ष दिलं नाही.

ट्रक गिरिधरचा, तोही बाजूलेच उभा होता. मिलिटरीच्या लिलावात घेतलेला जुना पेट्रोल ट्रक, पहाडात बर्फातून जखमी जवान नेणारा. म्हणून मागे चारही बाजूंनी पत्र्याची बंद खोली, अन् त्या खोलीत बाकासारख्या पेटीत हीटर. इंजिनाचं गरम पाणी एका नळीतून मागे जायचं, पेटीतल्या जाळीतून फिरायचं, खोली गरम करायचं, अन् दुसऱ्या नळीतून परत इंजिनात यायचं. आता नागपुरात हीटर म्हणजे काय सांगावं. आम्ही मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून कसाबसा जीव धरणारे लोक. माझ्या वीस वर्षांच्या धंद्यात मी दुसरा हीटर पाहिला नव्हता, अन् माझ्या ओळखीतल्या कोण्या मिस्त्रीनंही पाहिला नव्हता. पण हे कबूल कोण करते? मागच्या मे महिन्यात गिरिधरनं विचारलं, तेव्हा मी बोनटखालचा, मागं जाणारं पाणी बंद करायचा पितळी कॉक करकर फिरवला, पेटीवर हात ठेवला अन् सांगून टाकलं, "बंद झालं. बसाले मस्त पेटी आहे, पोतं टाक वरून."

पेटी हाताले गरम लागली होती. पण मे महिन्यात उन्हात उभ्या ट्रकाचं काय गरम लागत नाही? पाना गरम, बोनट गरम, सीट गरम. मी मनावर घेतलं नाही.

मग जुलैत गिरिधरनं मोहतलावच्या ढिवरांचं बी नेलं. कलकत्त्याहून गाडीनं हंडे येतात, मातीचे, तोंडापर्यंत पाणी, अन् त्या पाण्यात जिऱ्याएवढी मासोळीची पिल्लं. त्यायले हवा लागते. म्हणून सारा रस्ता कोणीतरी तळहातानं पाणी थापटत बसते. मागच्या साली दादाजी बसला होता, त्या पेटीवर. छत्तीस हंड्यांतलं सारं बी मेलं. दादाजी गावात सांगत राहिला, "पेटी गरम होती, माह्यं बूड भाजून राहिलं होतं," अन् लोक हसत राहिले. ढिवरांच्या सोसायटीच्या बैठकीत रुपराव चेअरमननं सांगून टाकलं की म्हातारा झोपला, हात थांबला, बी मेलं, पुन्हा त्याले बीले हात लावू द्यायचा नाही. तेव्हापासून म्हाताऱ्यानं ना जाळ्याले हात लावला ना पाण्याले.

यंदा जबाबदारी रंभाबाईनं मागून घेतली होती. ठेक्याची अट अशी होती की लागोपाठ दोन वर्षं बी सोडलं नाही त तलाव सोसायटीच्या हातून जातो. बाहेरचा एक ठेकेदार टपूनच बसला होता. यंदाचं बी मेलं त साठ घरं उघड्यावर. अन् त्या मार्गाले दुसरा बंद ट्रक भेटला नव्हता. उघड्या ट्रकात ऊन थेट हंड्यांवर पडते.

"गाडी साडेदहाले येते," रंभाबाई म्हणाली. "तेवढ्यात होते का नाही ते सांगा."

"बंद आहे म्हणून राहिलो ना मी."

"मामाजीचं बूड भाजलं होतं, मिस्त्रीभाऊ." ती हे इतक्या शांतपणे बोलली की गिरिधरलेही हसू आलं नाही. "गाव हसलं. मी नाही हसली. काढा."

आता बाईच्या तोंडी कसं लागावं. मी कप ठेवला अन् रागारागात ट्रकाखाली शिरलो.

रागाच्या भरात माझं काम चांगलं होते. रेडिएटरचं पाणी सोडलं, मागच्या पेटीचे चार बोल्ट. दोन सुटले, दोन गंजले होते. त्यांच्यावर रॉकेल ओतलं, हातोडी हाणली, आईबहीण काढली. रंभाबाई बाजूलेच उभी होती, तिनं पदर तोंडाले लावला अन् दुसरीकडं पाहिलं. नऊ वाजता पेटी भुईवर आली. मग चेसीच्या खालून जाणाऱ्या दोन्ही लांब नळ्या ओढून काढल्या. शेवटी राहिला बोनटखालचा कॉक. तो खोलून हातात घेतला, अन् उगाच, सवयीनं, दांडी फिरवून पाहिली.

दांडी फिरली. आतलं पितळ फिरलं नाही.

मी पुन्हा फिरवली. दांडी अशी छान करकर करत फिरून राहिली होती, अन् आतला तुकडा केव्हाचा तुटून जागच्या जागी, उघडाच्या उघडा. मी कॉक डोळ्याले लावला. आरपार समोरची लाकडाची वखार दिसली, तिच्या पुढं बिडी ओढत बसलेला हमाल दिसला. कॉक कधी बंद झालाच नव्हता. मागच्या साली चाळीस मैलभर इंजिनाचं उकळतं पाणी त्या पेटीतून फिरत होतं, बंद खोलीत, छत्तीस हंड्यांच्या मधोमध. अन् वर पोतं टाकून दादाजीले मी बसवलं होतं.

खरं सांगतो, पहिला विचार म्हाताऱ्याचा आला नाही. पहिला विचार आला की हे कोणी पाहिलं त नाही ना. मी कॉक खिशात टाकला.

"काय झालं गा, मिस्त्री?" गिरिधरनं विचारलं.

"काही नाही. जुना माल आहे."

दादाजी तिकडं टायरवर बसला होता, हात काखेत घालून. मी त्याच्याकडं पाहू शकलो नाही.

आता पेटी गेली त पाण्याची वाट जोडायची होती. इंजिनाच्या डोक्यातून एक तोंड निघते, पंपाच्या बाजूले दुसरं. दोन्ही एका नळीनं जोडून टाकायची, की पाणी तिथल्या तिथं फिरते. साधं काम. पण माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. जुन्या नळीचा चांगला तुकडा कापला तो जरा लांब झाला. आखूड करायले गेलो त वाकून चेपली असती. मी तशीच वरून कमान करून घेतली अन् तारेनं बोनटच्या दांडीले बांधली. वरून पाणी भरलं, तोंडापर्यंत भरलं, झाकण लावलं. दहा वाजून गेले होते.

"मी पण येतो," मी म्हटलं.

रंभाबाईनं माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही काहून?"

"नवीन काम आहे. इंजिनाच्या गरमीच्या काट्यावर लक्ष ठेवाले पाहिजे."

स्टेशनावर हंडे उतरवले तेव्हा बी जिवंत होतं. रंभाबाईनं एकेका हंड्यात हात घालून पाहिलं, बोटांनी पाण्याचा गारवा घेतला, अन् छत्तीसच्या छत्तीस एकमेकांले टेकवून, मधी वाळलं गवत कोंबून उभे केले. चालत्या गाडीत पाणी आपोआप हलते, तेवढं बऱ्यापैकी होते. ती एकटी बसून निभावून नेऊ शकत होती. दादाजीले तिनं फक्त सोबत म्हणून आणलं होतं. दोन परक्या माणसांसोबत बाई एकटी कशी जाईल. तो मागे दाराजवळ बसला, हंड्यांकडं पाठ करून.

नंदनवन मागे पडलं, उमरेड रोड लागला. मी समोर गिरिधरच्या बाजूले बसलो होतो अन् काट्याकडं पाहून राहिलो होतो. काटा खाली, अगदी थंड बाजूले टेकलेला.

"मिस्त्री, कमाल केली तुम्ही," गिरिधर म्हणाला. "या ट्रकाचा काटा असा खाली मी कधी पाहिला नाही."

मी हं म्हटलं. मले बरं वाटलं, खोटं काहून बोलू. वाटलं, चला, एक त भरून निघालं. बी जिवंत पोचलं की कोण विचारते मागच्या सालचं. खिशातला कॉक मांडीले टोचत होता. मी तो दुसऱ्या खिशात टाकला.

पंधरा मैलांवर चढ लागला. इंजिन जरा ठोकायले लागलं, टक टक टक. गिरिधरनं गिअर पाडला. काटा खालीच. मग नाकाले वास आला, तापलेल्या रंगाचा. मी काट्याकडं पाहिलं अन् माझ्या अंगावर काटा आला. लकडगंजातून निघाल्यापासून तो हललाच नव्हता. थंड इंजिनाचा काटाही गाडी चालली की जरा वर येते. हा जागचा हलला नाही याचा अर्थ एकच होता. काट्याचं जे टोक इंजिनात असते, त्याले पाणी लागतच नव्हतं. इंजिनाच्या डोक्यात हवा अडकली होती.

"थांबव."

"इथं?"

"थांबव म्हणतो ना मी. पण इंजिन बंद नको करू."

बोनट उघडलं अन् वाफेचा भपका आला. झालं होतं ते दिसत होतं. माझी ती कमान रेडिएटरच्या तोंडाच्याही वर गेली होती. पाणी भरलं तेव्हा हवा वर चढून कमानीत बसली अन् बसूनच राहिली. वरून पाणी तोंडापर्यंत दिसलं अन् मी झाकण लावून मोकळा. ज्याले हीटरची सवय आहे तो मिस्त्री आधी हवा काढतो. आमच्या नागपुरात कोणाले कधी गरज पडली होती? पण हे स्वतःले सांगून काय फायदा. वीस वर्षांचा मिस्त्री अन् पाणी भरता येत नाही.

हवा काढायले नळीचं वरचं तोंड सोडावं लागते अन् हळूहळू पाणी ओतावं लागते. इंजिन तापलं असताना ते करायचं नसते. पाऊण तास थंड होऊ द्यायचं असते. मी मागच्या दाराशी गेलो अन् रंभाबाईले सांगितलं.

ती दोन्ही हातांनी दोन हंडे थापटून राहिली होती. "पाऊण तास?" ती म्हणाली. "उभ्या गाडीत? हे पाहा."

मी पाहिलं. हंड्यांत पिल्लं वर आली होती, पाण्याच्या वर तोंड काढून, शेकड्यांनी. तिनं थापटलेल्या दोन हंड्यांतली खाली गेली. बाकीच्या चौतीस हंड्यांतली वरच होती.

"किती वेळ निघते?"

"हात लागला त निघते. नाही लागला त वीस मिनिटं."

गिरिधर मदतीले आत चढला. त्यानं हंड्यात हात घातला अन् कणीक मळल्यासारखा फिरवला. रंभाबाई ओरडली, "मारता का त्यायले? वरून, तळहातानं वरून." त्यानं हात बाहेर काढला. त्याच्या बोटांले दहाबारा पिल्लं चिकटली होती. तो बिचारा तसाच उभा राहिला, हात पुढं धरून.

रंभाबाईनं दाराकडं पाहिलं. "मामाजी," ती म्हणाली. "मामाजी, हात लावा."

दादाजी खाली उतरून रस्त्याच्या कडेले बसला होता. त्यानं मान हलवली.

"पाया पडून राहिली मी तुमच्या. माह्या एकटीच्यानं नाही होत."

"नाही लावत, वं. या हातानं मेलं सारं. रुपराव बरोबर बोलला असंन. मले झोप लागली असंन, मले आठवत नाही आता." तो हात अजून आत कोंबून राहिला. "माह्या हाताले मरण आहे. पुन्हा नाही."

त्याले आठवत नव्हतं. वर्षभर लोकांनी सांगून सांगून त्याले स्वतःचंच खरं वाटेनासं झालं होतं. अन् मी तिथं उभा, खिशात कॉक घेऊन.

मले वाटलं, आता नाही बोललो त मी माणूस नाही. रंभाबाईचे हात दिसत होते, एका हंड्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, अन् मागे सुटलेल्या हंड्यांत पुन्हा तोंडं वर येत होती. मी दादाजीच्या समोर जाऊन उकिडवा बसलो अन् कॉक काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"झोप नव्हती लागली तुम्हाले," मी म्हटलं. "हे पाहा. दांडी फिरते, आतलं फिरत नाही. मी मागच्या साली हे फिरवलं अन् सांगितलं बंद झालं. बंद झालं नव्हतं. उकळतं पाणी येत होतं त्या पेटीत. तुमचं बूड खरंच भाजलं होतं, दादाजी. बी मी मारलं. तुमच्या हातानं नाही मेलं."

त्यानं एक हात काखेतून काढला, कॉक उचलला, डोळ्याले लावला अन् आरपार माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"केव्हा समजलं तुले?"

"आज सकाळी. नऊ वाजता."

"नऊ वाजता," तो म्हणाला. त्यानं कॉक माझ्या हातात परत दिला, गुडघ्यावर जोर देऊन उठला अन् मागे चढला. मी पाहिलं त त्याचे दोन्ही हात पाण्यावर होते. मी असे हात पुन्हा पाहिले नाही. बोटं जुळवून, तळहात वाकवून, दोन दोन हंडे एकाच वेळी, थप थप थप, न थांबता, अन् त्याच्यामागं पिल्लं खाली जात होती.

पण तोही म्हाताराच होता. "पाऊण तास नाही निघत, मिस्त्री," तो तिथूनच म्हणाला, माझ्याकडं न पाहता. "तुह्यं काम पाह्य लवकर."

मी पोत्याचा तुकडा हाताले गुंडाळला अन् कमानीच्या तोंडाची क्लिप सैल केली. गिरिधर रेडिएटरवर पाण्याचा डबा धरून उभा होता. त्याले सांगितलं, बारीक धार धर, थांबवू नको, मी ओरडलो तरी थांबवू नको. नळी अर्धा बोट ओढली. आधी फुस्स करून हवा निघाली, मग वाफ. पोतं ओलं झालं अन् वाफ सरळ तळहाताले लागली. सोडावं वाटलं. सोडली असती त नळी उडून सारं पाणी बाहेर आलं असतं. मी धरून ठेवली अन् पाहत राहिलो काट्याकडं, गिरिधरच्या खांद्यावरून, काचेतून. काटा हलला. वर आला, अजून वर आला, लाल खुणेच्या पार गेला, तिथं थांबला. मग नळीतून पाणी आलं, बुडबुड्याबिगर सलग पाणी. मी नळी दाबून बसवली, क्लिप आवळली अन् रस्त्यावर बसून उलटी केली.

दहा मिनिटांत काटा खाली यायले लागला. आम्ही निघालो. मागून सारा रस्ता थप थप ऐकू येत होतं, चालत्या गाडीतही. आता गरज नव्हती तरी म्हातारा थांबला नाही.

मोहतलावच्या पाळीवर अर्धं गाव उभं होतं. रुपराव चेअरमन पुढं होता, धोतराचा सोगा हातात धरून. हंडे उतरवताना त्यानं दादाजीचे ओले हात पाहिले.

"याले हात कोणं लावू दिला?" त्यानं रंभाबाईले विचारलं. "बैठकीत काय ठरलं होतं?"

ती बोलायच्या आधी दादाजी म्हणाला, "मिस्त्री, इकडं ये गा. तिथं मले सांगितलं ते इथं सांग."

साऱ्या गावासमोर. मी डाव्या हातानं कॉक काढला, उजवा उचलत नव्हता, अन् सांगितलं. पेटीचं, दांडीचं, मे महिन्याचं, पोत्याचं, सारं. माझं बोलणं संपलं तेव्हा कोणी हसलं नाही. रुपरावानं कॉक घेतला, डोळ्याले लावला, फिरवला, पुन्हा लावला. मग त्यानं तो रंभाबाईच्या हातात दिला अन् पाळीवरून खाली उतरला. जाताना तो दादाजीसमोर थांबला.

दादाजी त्याच्यासाठी थांबला नाही. त्याले काम होतं. एकेक हंडा तलावात कडेपर्यंत बुडवायचा, तलावाचं पाणी आत येऊ द्यायचं, वाट पाहायची, मग हंडा आडवा करायचा. बी आपलं आपण निघून जायचं, काळ्या धुरासारखं, पाण्यात. तीन हंडे मेले होते. तेहतीस जिवंत होते.

मी तलावाच्या पायरीवर बसलो होतो. हाताचं पोतं कातड्याले चिकटलं होतं. शेवटचा हंडा रिकामा करून म्हातारा माझ्याकडं आला. मले वाटलं आता शिव्या देईल, अन् मी त्याच्यासाठी तयार होतो, मले हव्याच होत्या. त्यानं माझं मनगट धरलं, मले पाण्यात ओढलं अन् हात कोपरापर्यंत बुडवला.

"वर्ष गेलं गा माह्यं," तो म्हणाला.

त्यानं माझं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हातानं तो माझ्या हाताच्या अवतीभवतीचं पाणी थापटत राहिला, तळहातानं, वरून, सवयीनं.